उलट क्रमाने जोडा

सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरायची. मेकॅनिक म्हणाला, “थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनाची हवेची झडप, खोलून साफ करावी लागेल. सवडीने आणा.”

इंजिनिअरला हे काही पटलं नाही. (तो पाणीपट्टी विभागात कारकून होता. साहेबांचा अडकलेला स्टेपलर त्याने सोडवला, तेव्हापासून ऑफिस त्याला इंजिनिअर म्हणायचं. त्यात टिंगल आहे हे एकट्या त्यालाच कळलं नव्हतं.)

“साफच करायचीय ना? भांडी घासण्यासारखंच ते,” तो बायकोला म्हणाला.

“भांडी तरी कधी घासलीत? आणि सोमवारी आईला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचंय. ती गाडी आहे तशी राहू द्या.”

पण बायकोने नको म्हटलं की इंजिनिअरच्या अंगात बळ येई. रविवारी सकाळी त्याने मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि इंजिनाच्या डोक्यावरचं ते यंत्र उचलून थेट जेवणाच्या टेबलावर आणलं. इंजेक्टर, रबरी रिंगा, गॅस्केट, स्प्रिंग... खोलताना सगळं कसं सुरळीत! पुसून पुसून त्याने आरशासारखं केलं. मग व्हिडिओतला माणूस म्हणाला, “आता उलट क्रमाने जोडा,” आणि हात पुसून निघून गेला.

इंजिनिअरच्या लक्षात त्यातलं ‘उलट’ तेवढंच राहिलं.

संध्याकाळी त्याने किल्ली फिरवली. गाडी जी गरजली, ती थांबेचना! त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी आवाज चढतोच आहे. घाबरून त्याने बाहेर उडी मारली, दार आपटलं, आणि दाराला कुलूप लागलं.

सगळी गल्ली खिडक्यांत आली.

“अहो, बंद करा ती!” बायको ओरडली.

“किल्ली आत राहिली!”

“मग तुम्ही बाहेर कशाला आलात?”

एवढ्यात सासूबाई भिंत चाचपत दारात आल्या. “ऑपरेशन उद्या आहे ना गं? मग जावईबापूंनी आत्तापासून घाई का मांडलीय?”

बायकोने दुसरी किल्ली शोधून आणली, दार उघडलं आणि गाडी बंद केली. मग इंजिनिअरकडे न बघता मेकॅनिकला फोन लावला. सासूबाईंच्या ऑपरेशनचं नाव काढल्यावर तो सुट्टी सोडून आला. बॉनेटमध्ये वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही.

“गॅस्केट पालथं. स्प्रिंग उलटी. ही काय उघडी थ्रॉटल मिटणार!” तो म्हणाला. “हे जोडलं कोणी?”

इंजिनिअरने घसा खाकरला. “आहे एक... दुसरा मेकॅनिक.”

“वहिनी, त्या माणसाला पुन्हा गाडीजवळ फिरकू देऊ नका.”

“कसं जमायचं हो ते?” बायको म्हणाली. “रोज जेवायला इथेच असतो.”