साडेतीन ग्रॅम जास्त

दादांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले होते आणि कवळीवाले खेळण्यांच्या दुकानात एका चेटकिणीच्या डोळ्याला डोळा भिडवून उभे होते. चेटकीण वीतभर उंच होती, खोक्याच्या काचेतून बघत होती आणि आधी नजर वळवायची तिची अजिबात तयारी दिसत नव्हती.

"बाहुल्यांमध्ये अजून काही आहे का?" त्यांनी शेवटी दुकानातल्या बाईंना विचारलं.

"बाहुली नका म्हणू हो, घेणारी माणसं चिडतात. ॲक्शन फिगर म्हणायचं. कोणासाठी हवीय? खेळणारे आहेत की जमवणारे?"

"फरक काय?"

"खेळणाऱ्याला खोकं नको असतं आणि जमवणाऱ्याला आतलं नको असतं."

"मग जमवणारे," कवळीवाले म्हणाले आणि त्यांच्या तोंडून मोठा उसासा निघाला.

कवळीवाले म्हणजे कवळ्या बनवणारे. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवत आणि हे आपल्या दीड खोलीच्या कारखान्यात बसून त्या मापाच्या कवळ्या घडवत. दादा म्हणजे त्यांच्या बायकोचे थोरले भाऊ, वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक. दिवसभर दुकानांतले तराजू तपासायचे, खरा निघाला तर सील ठोकायचं, खोटा निघाला तर जप्त करायचा. आणि घरी आल्यावर ड्रॅगन, राक्षस, जादूगार आणि ठोकळ्यांचे किल्ले जमवायचे. पण सगळं सीलबंद. त्यांच्या खोलीत भिंतभर काचेचं कपाट होतं आणि त्यात एक्केचाळीस खोकी ओळीने उभी होती, एकाचंही सील तुटलेलं नाही. "सील तुटलं की वस्तू संपली," हे त्यांचं ब्रीदवाक्य पाहुण्याला चहाच्या आधी ऐकावं लागे.

त्या कपाटाला खाली एक खण होता. जी वस्तू काचेमागे ठेवायच्या लायकीची नसेल, तिची रवानगी त्या खणात होई. गेल्या चौदा वर्षांत कवळीवाल्यांनी चौदा भेटी दिल्या होत्या आणि चौदाही खालच्या खणात गेल्या होत्या. पहिल्या वर्षी दिलेल्या जादूगाराला खोकंच नव्हतं, दुकानदाराने तेवढे पैसे कमी केले म्हणून कवळीवाले उलट खूश झाले होते. चौथ्या वर्षी किल्ल्याचा एक बुरूज कमी निघाला. सहाव्या वर्षी तर किमतीचं लेबल काढायला गेले आणि लेबलाबरोबर सीलही हातात आलं. दरवेळी दादा चारचौघांत भिंग लावून खोकं बघत, मान हलवत आणि म्हणत, "भावोजी, भावना पोचली. खालच्या खणात ठेवतो."

बायको तक्रार करत नसे. पण परतताना रस्ताभर गप्प असे, आणि ते कवळीवाल्यांना जास्त लागे. या वर्षी काहीही होवो, आपलं खोकं काचेमागे गेलंच पाहिजे, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं.

त्यांनी खिशातून बायकोने गुपचूप केलेली यादी काढली. बर्फाची चेटकीण दादांकडे होती. शिंगवाला राक्षस होता, एक नाही, दोन. पंखांचा घोडा होता. यादी संपेपर्यंत दुकानातल्या बाई चार वेळा शिडी चढून उतरल्या. शेवटी त्यांनी अगदी वरच्या फळीवरून एक भलंमोठं खोकं खाली आणलं. कड्यावरचा किल्ला, त्याला वेटोळं घातलेला ड्रॅगन, ड्रॅगनचा जबडा उघडतो आणि मिटतो. अकराशे बारा तुकडे.

"कंपनीने थोडेच काढले होते. आमच्याकडे हा शेवटचा," बाई म्हणाल्या. "फक्त एक सांगते. उघडू नका."

"मी कशाला उघडतोय?" कवळीवाले म्हणाले, आणि ते त्या वेळी खरोखरच मनापासून म्हणाले.

खोकं घरी सुरक्षित राहणार नाही म्हणून त्यांनी ते कारखान्यात ठेवलं. तिथे ते उचलून फळीवर ठेवताना आत काहीतरी खुळखुळलं. अकराशे बारा तुकडे खुळखुळणारच, हे कोणालाही कळेल. पण कवळीवाल्यांचा कान तयार होता. त्यांच्या धंद्यात खुळखुळ म्हणजे काहीतरी सुटलेलं, तुटलेलं. त्यांना चौथ्या वर्षीचा बुरूज आठवला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यातून बावीस वर्षांत एकही कवळी न तपासता त्यांनी बाहेर पाठवली नव्हती. दादांना काही न तपासता द्यायचं म्हणजे दगाच की.

मेण वितळवायच्या भांड्याची वाफ देऊन त्यांनी चंदेरी सील अलगद सोडवलं. वरचा पारदर्शक कागद मात्र फाटला. तुकडे मोजायला दीड दिवस लागला. अकराशे तेरा भरले, म्हणजे एक जास्तच. खरं तर इथेच खोकं बंद करायला हवं होतं. पण जाता जाता त्यांनी ड्रॅगनचं डोकं हातात घेतलं, सवयीने जबडा मिटून पाहिला, आणि त्यांचा चेहरा पडला.

ड्रॅगनचा चावा चुकलेला होता. खालचा जबडा पुढे, वरचे दात मागे, डावीकडे चांगली फट. या तोंडाने एखादा सरदार तर सोडाच, शिजलेला बटाटाही चावू शकला नसता. कवळीवाल्यांनी डोकं खाली ठेवलं, पुन्हा उचललं. दुसऱ्या कोणी हे असं सोडून दिलं असतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर लोकांचे चावे जुळवले, त्याने आपल्या हाताने चुकीचा चावा भेट द्यायचा?

त्यांनी जुने दात घासून टाकले आणि एकेक करून नवे अठ्ठावीस दात बसवले. मग ड्रॅगन मान वळवतो तेव्हा चावा कसा बसतो ते बघायला कडा उभारावा लागला आणि कडा उभारल्यावर वर किल्ला नसणं बरं दिसेना. या गडबडीत एका डॉक्टरांचा फोन आला.

"अहो, आमच्या आजींची कवळी कधी देताय? बिचाऱ्या चार दिवस पेज पितायत."

"उद्या नक्की देतो, डॉक्टर. आज एकाचा तातडीचा चावा बसवतोय."

"कोणाचा?"

"बाहेरगावचा आहे," कवळीवाले म्हणाले. "फार वाईट अवस्थेत आला होता."

वाढदिवसाच्या आदल्या दुपारी बायको डबा घेऊन कारखान्यात आली. फळीवर कवळ्यांच्या दोन रांगांमध्ये हातभर उंच किल्ला उभा होता आणि वर बसलेला ड्रॅगन शुभ्र दात दाखवून तिच्याकडे हसत होता. तिने डबा शांतपणे खाली ठेवला.

"अहो, हे काय आहे?"

"त्याचा चावा चुकला होता गं."

"कोणाचा?"

"ड्रॅगनचा."

"आणि तुमच्या डोक्याचं काय चुकलंय?" ती खुर्चीत बसली. "दादाला सीलबंद लागतं, सीलबंद! चौदा वर्षं मी खाली मान घालून केक खातेय. या वर्षी वाटलं होतं, वर बघून खाईन."

कवळीवाल्यांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानात दुसरं खोकं नव्हतं. मग जेवण तसंच राहिलं आणि दोघांनी मिळून किल्ला पाडायला घेतला. बायकोने तुकडे पिशव्यांत भरले, कवळीवाल्यांनी पिशव्यांची तोंडं तापल्या सुरीने जोडली, शेजारच्या स्टेशनरीवाल्याकडून पारदर्शक कागद आणून असा ताणून बसवला की सुरकुती म्हणून सापडू नये. चंदेरी सील पुन्हा चिकटवायला हाताशी एकच चिकट वस्तू होती, कवळी तोंडात पक्की बसायची पेस्ट. तीच लावली.

"ओळखू येतंय का?" त्यांनी विचारलं.

बायकोने खोकं उजेडात फिरवून फिरवून पाहिलं. "नाही येत," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा निवळला.

दुसऱ्या दिवशी दादांच्या बैठकीच्या खोलीत माणसं जमली. त्या घरात वाढदिवसाला आधी भेटींचं वजन होई आणि मग केक कापला जाई. दादा तपासणीचा काटा मध्ये मांडून, चष्मा पुसून बसले होते. खोक्यावर एकूण वजन छापलेलं असतं, ते काट्यावर जुळलं की दादा भेटीची नोंद वहीत करत. कवळीवाल्यांना हा रिवाज चांगला ठाऊक होता. पण अठ्ठावीस दातांनाही वजन असतं, हे त्यांना काटा समोर दिसल्यावर सुचलं.

दादांनी खोकं हातात घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा विचित्र झाला, जरासा उतरल्यासारखा. "सीलबंद?" ते म्हणाले.

"सीलबंद," बायको ताठ मानेने म्हणाली.

भिंगातून सगळे कोपरे पाहून झाले. सील पाहून झालं. वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "बघा हो, यंदा भावोजींनी बाजी मारली." मग खोकं काट्यावर चढलं. दादा वाकले. एकदा वाचलं, खोकं उतरवून काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवून वाचलं.

"साडेतीन ग्रॅम जास्त," ते म्हणाले.

बायकोने कवळीवाल्यांकडे पाहिलं.

"अहो, कमी असतं तर गोष्ट वेगळी," वहिनी म्हणाल्या. "जास्त आहे तर बिघडलं काय?"

"तेच तर. चोर वस्तू काढून घेतो. घालतो कोण?" दादांनी सील नाकाशी नेलं आणि हुंगलं. "आणि या सीलला पुदिन्याचा वास का येतोय? भावोजी, जरा आत या. एकटेच या."

आतल्या खोलीत दादांनी दाराला कडी लावली. एक्केचाळीस खोकी काचेमागून बघत होती.

"दादा, चूक झाली. मी फक्त तुकडे मोजायला उघडलं..."

"म्हणजे उघडलंत? नक्की?"

"उघडलं. बांधलंही. सगळं."

दादा मट्कन पलंगावर बसले. "देव पावला," ते म्हणाले.

दादांनी खिशातून किल्ली काढली, खालचा खण उघडला आणि पूर्ण बाहेर ओढला. आत हिरवं मखमली कापड होतं आणि त्यावर चौदा भेटी मांडलेल्या होत्या. जादूगाराच्या दाढीचा रंग हाताळून हाताळून उडाला होता. एका सरदाराचा गुडघा दोऱ्याने बांधला होता. चौथ्या वर्षीच्या किल्ल्यावर हरवलेल्या बुरुजाच्या जागी वीस ग्रॅमचं पितळी वजन दिमाखात उभं होतं, आणि त्याच्या दारात कसलीतरी लढाई अर्ध्यावर थांबलेली होती.

"वरच्या एकालाही मी अजून हात लावलेला नाही," दादा हळू आवाजात म्हणाले. "सव्वीस वर्षं सील ठोकणारा हात आहे हा, भावोजी. घेताना वाटतं, या वेळी उघडायचंच. घरी आणतो, आणि सील तोडायला हात उठत नाही. तुमचं मात्र दरवर्षी उघडंच येतं. या चौदांवर दिवस काढतोय मी. आज तुम्ही ते गुळगुळीत खोकं घेऊन आलात ना, वाढदिवसच फिका पडला माझा. म्हटलं, गेलं, हेही काचेमागे गेलं."

चौदा वर्षं जो खण कवळीवाल्यांना डाचत होता, त्याच्यासमोर ते उकिडवे बसले आणि त्यांचे डोळे चक्क भरून आले.

"पण आता हेही सीलबंद आहे," ते नाक ओढत म्हणाले.

"बनावट आहे!" दादा उठून उभे राहिले. "बनावट सील दिसल्यावर तोडायचं नाही तर काय करायचं? माझं कर्तव्यच आहे ते." आणि त्यांनी असा काही कागद टरकावला की पन्नाशीतला नव्हे, चार वर्षांचा माणूस समोर असल्यासारखं वाटलं. ड्रॅगनचं डोकं हाती आलं. दादांनी जबडा उघडला, मिटला. टक् असा स्वच्छ आवाज झाला. त्यांनी भिंग लावलं.

"हे दात?"

"चावा चुकला होता."

"किती आहेत?"

"अठ्ठावीस. अक्कलदाढा नाही बसवल्या. एवढ्याशा तोंडात गर्दी झाली असती."

दादांनी वर काचेकडे पाहिलं, मग कवळीवाल्यांकडे. "यातलं बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. ही मला गंभीर माणूस समजते. आणि चेहरा पाडा जरा. असं हसत बाहेर जाऊ नका."

दार उघडलं. दादांनी फाटकं खोकं सगळ्यांना दाखवलं आणि सरकारी आवाजात जाहीर केलं, "सील बनावट आढळलं आहे. वस्तू जप्त. खालच्या खणात."

कवळीवाल्यांनी चेहरा पाडायची शिकस्त केली. ते काही जमेना, म्हणून त्यांनी रुमालात तोंड लपवलं. ते पाहून वहिनींनी त्यांना केकचा सगळ्यात मोठा तुकडा दिला.

परतताना बायको रस्ताभर गप्प राहिली नाही. ती कोपऱ्यावरच थांबली आणि तिने नवऱ्याचा हात धरला.

"रडलात ना तुम्ही? बास झालं. आता माझाही हट्ट आहे. पुढच्या वर्षीचं खोकं मी स्वतः निवडेन, आणून माझ्या कपाटात कुलपात ठेवीन. तुमचा हातसुद्धा लागू देणार नाही. बघूच दादा कसा काचेमागे ठेवत नाही ते!"

"नको!" कवळीवाले असे ओरडले की रस्त्यावरच्या दोन माणसांनी वळून पाहिलं.

"का हो?"

कवळीवाले तोंड उघडून उभे राहिले. मग त्यांनी ते मिटलं, आणि उरलेला सगळा रस्ता तेच गप्प चालले.