डिक्कीतलं निदान

"गाडी बोलायला लागली की घाबरायचं नसतं, ऐकायचं असतं," केवळराम गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं. "रविवारच्या आत हा आवाज मी शोधून काढतो."

शाळेतून निवृत्त झाले तरी गुरुजींचं शिकवणं सुटलं नव्हतं. कुडव्यातल्या आपल्या गल्लीतल्या पोरांना रविवारी बिरसीच्या विमानतळाकडे न्यायचं आणि विमान जमीन कशी सोडतं ते कुंपणाबाहेरून दाखवायचं, असा शब्द त्यांनी दिला होता. नात पिंकी तेव्हापासून घरभर कागदी विमानं उडवत होती. अडचण एकच होती. गतिरोधक आला की गाडीच्या मागून 'खट्' असा आवाज यायचा. मुलगा लोकेश तर स्पष्टच बोलला होता, "आवाज गेला तर पोरं न्या, बाबा. नाही गेला तर गाडी अंगणातून हलणार नाही."

मेकॅनिक दुर्गाप्रसादने गाडीभोवती एक चक्कर मारली. "गुरुजी, पीछे का पूरा नया डाल देते हैं."

"सर्दी झाली म्हणून कोणी नाक बदलतं का?" गुरुजी म्हणाले आणि गाडी परत घरी घेऊन आले.

पिंकीला त्यांनी डिक्कीजवळ उभं केलं. "मागच्या चाकांवर दोघं कामाला असतात. स्प्रिंग झटका झेलते, पण तिला थांबता येत नाही, ती उड्याच मारत राहते. शॉकअप तिला धरून शांत करतो. वर्गातलं उनाड पोर आणि मास्तर."

"मग मास्तर बिघडला का, आबा?"

गुरुजींनी डिक्कीवर दोन्ही हातांनी भार देऊन सोडला. गाडी एकदा वर आली आणि शहाण्यासारखी थांबली. दुसरी बाजू दाबली, तीही तशीच. "मास्तर ठणठणीत आहेत. त्यांची खुर्ची सैल झाली असणार. आता डावी की उजवी, एवढंच पाहायचं."

शॉकअपची वरची टोकं डिक्कीच्या आत, दोन बाजूंना येतात. तिथे तळहात ठेवून गाडी गतिरोधकावरून नेली की आवाज कुठला ते हाताला कळेल, असा गुरुजींचा हिशेब होता. म्हणजे गुरुजी डिक्कीत आणि सूनबाई अल्का स्टिअरिंगवर.

"या वयात डिक्कीत निजून राहिले का तुम्ही?" गुरुजींच्या पत्नी पार्वताबाईंनी विचारलं.

"निजत नाही, तपासतो आहे."

"लोकं काय म्हनतीन, ते तपासा आधी."

गुरुजींनी ऐकलं नाही. डोकं सीटकडे आणि पाय बाहेर, असे ते आडवे झाले. रस्त्याचं काम चालू असल्याने धूळ फार, म्हणून धुतलेली पांढरी चादर डोक्यापासून घोट्यापर्यंत ओढून घेतली. डिक्कीचं झाकण अर्धवट सुतळीने बांधलं. मागून कोणी अंगावर येऊ नये म्हणून शेजारच्या जीवनलालला स्कूटरवर ठेवलं. जीवनलालने हेल्मेट घातलं, एक हात वर धरला आणि जोखमीच्या कामाला साजेल असा चेहरा केला.

गाडी निघाली. बैलगाडीनेही ओव्हरटेक करावं अशी हळू.

चौकात रत्नपाल आपल्या किराणा दुकानात बसला होता. त्याने पाहिलं. चादरीखालून गुरुजींचे अनवाणी पाय, मागे हात वर केलेला गंभीर जीवनलाल. तो उठून रस्त्यावर आला. "गुरुजी का गा?" त्याने जीवनलालला विचारलं. हेल्मेटमधून काही ऐकू येईना, म्हणून जीवनलालने नुसती मान हलवली.

रत्नपालने शटर ओढलं, हात जोडले आणि गाडीमागे चालू लागला.

"कोन गेलं, भाऊ?" भाजीवाली रुख्मा.

"केवळराम गुरुजी."

"अवो माय. सकाळीच तं वांगे घेऊन गेले."

पाहता पाहता गाडीमागे माणसं जमली. अल्काला आरशात फक्त डिक्कीचं झाकण दिसत होतं. कोणीतरी लोकेशच्या ऑफिसात फोनही लावला.

चादरीखाली गुरुजी दोन्ही तळहातांनी ऐकत होते. आधी त्यांना वाटलं, मागून एखादी मयत चालली आहे. त्यांनी मनातल्या मनात हातही जोडले. मग रत्नपालचा आवाज आला.

"मले भागाकार येतच नोयता. शाळा सुटल्यावर बसवून ठेवत. पन चिडले नाही कधी. एक दिवस मले भागाकार आला, तं माह्यापेक्षा तेच खूश झाले."

"माह्या पोराले तं घरी बोलावून शिकवलं," रुख्मा म्हणाली. "असा मानूस नाही भेटत आता."

हे सगळं आपल्याबद्दलच चाललं आहे तर. रत्नपाल रोज दुकानात भेटतो, तूर डाळीबद्दल बोलतो, पावसाबद्दल बोलतो, हे कधी बोलला नाही. खरं म्हणजे लगेच उठून बसायला हवं होतं. पण डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला हात हलवावा तर गतिरोधक जवळ आलेला. आणखी थोडं ऐकावं असंही वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तेवढ्यात 'खट्' झालं. थेट डाव्या तळहाताखाली.

गुरुजी चादरीसकट उठून बसले. "डावा आहे," ते म्हणाले.

रस्ता क्षणात मोकळा झाला. रुख्मा नालीपलीकडे दिसली. रत्नपाल मात्र जागचा हलला नाही, त्याचे हात तसेच जोडलेले राहिले.

"गुरुजी," तो हळूच म्हणाला, "काऊन असं करता?"

लोकेश पोचला तेव्हा गुरुजी दुकानाच्या पायरीवर चहा घेत रत्नपालला शॉकअप समजावत होते. लोकेशचे डोळे लाल होते. त्याने वडिलांचा खांदा दाबून पाहिला, दुसरा खांदाही दाबून पाहिला, आणि म्हणाला, "बाबा, चाबी."

दुसऱ्या दिवशी दुर्गाप्रसादने डावीकडची वरची जोडणी उघडली. आतलं रबर चुरा झालेलं निघालं. नवं बसवलं. लोकेशने स्वतः कुडव्यातला प्रत्येक गतिरोधक ओलांडून पाहिला. गाडीने चकार शब्द काढला नाही. रविवारी सकाळी त्याने चाबी वडिलांच्या हातावर ठेवली.

पोरं आंघोळी करून, तेल लावून वेळेआधी हजर झाली. गुरुजींनी गाडीचे दरवाजे उघडले. कोणी आत बसेना. सगळी पोरं डिक्कीमागे रांग लावून उभी होती, सगळ्यांत पुढे पिंकी, हातात घडी केलेली पांढरी चादर.

"अरे, विमान पाहायचं नाही का तुम्हाला?" गुरुजींनी विचारलं.

"इमान तं रोजच डोक्शावरून जाते, आबाजी," रांगेतला ओमेश म्हणाला. "आमी 'खट्' आयकाले आलो."

आवाज आता होत नाही, तो आपण दुरुस्त केला, हे गुरुजींनी पोरांना फार प्रेमाने सांगितलं.

पोरं एकेक करून घरी गेली.