चिमाबाईंचा गुडघा आणि तुंब्यातले गियर

श्रीचक्रपाणी समर्थ. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मास, ते समयी या राज्यात जे घडले ते जैसे घडले तैसे लिहिले, कोणाची भीड धरिली नाही.

राज्याचे टपाल सायकलीवरून चाले. खालच्या पेठेतून निघावे, खिंड चढावी आणि वरच्या कचेरीत थैली पोचवावी, ऐसे दिवसातून दोनदा. त्या कामी चिमाबाई जासूद वीस वर्षे होत्या. त्यांचा डावा गुडघा बिघडला आणि बिनगियरची सायकल खिंडीत चढेना, मग दफ्तरदार अंतोबा बोलिले की, "चढवत नसेल तर खाली बसून पाकिटं चिकटवा." बाईंस ते मरणाहून वाईट वाटले. मग सटवोजी मिस्त्री पुढे जाहले. त्यांनी आधी उघडे गियर लावून पाहिले, ते चिखलाने भरले, साखळी उतरली आणि बैलगाडीचा धक्का लागून पार वाकले. मग मिस्त्रींनी मागल्या चाकाचा तुंबा, म्हणजे तारा जेथे जुळतात तो मधला गड्डाच, बदलिला. त्याच्या पोटात सारे गियर बंदिस्त, आत धूळ जात नाही, आणि बाजारात म्हैस आडवी येऊन सायकल थांबली तरी उभ्या उभ्या गियर बदलावा. बाई खिंड चढल्या आणि घाम पुसून म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या हातात सोन्याचं कडं घालायला पाहिजे!" मिस्त्री बोलिले, "कडं राहू द्या, पंक्चर झालं की शिव्या घालू नका म्हणजे झालं." कारण दोषही होते. तुंबा जड, मागले चाक काढणे जाहले तर पान्हे लागत, गियरची तार सोडावी लागे, आणि वाटेवरचा कोणी मिस्त्री ते पोट उघडण्यास धजत नसे. बाईंनी सारे पत्करिले आणि मग बारा सायकलींस तुंबे बसले.

मग खंडेनवमी आली. राज्याची चाल ऐसी की अवजारे आणि सायकली रॉकेलाने धुवून पुजाव्या. अंतोबा मोठे भाविक. त्यांनी साखळ्या धुतल्या आणि मनात आणिले की, वरून लख्ख आणि पोट मळके, ऐसी पूजा देवास कैसी पावेल? मग तुंब्याचे तेलाचे भोक उघडून स्वहस्ते रॉकेल ओतिले. आतले ग्रीस पातळ होऊन गळाले. दसऱ्याचे दुसरे दिवशी ऐन चढावर चिमाबाईंचा गियर सटकला, पायडल मोकळे फिरले आणि बाई पडून कोपर फुटले. अंतोबांनी लगेच लिहिले की, तुंबे खोटे, सारे काढावे, जुनी चाके लावावी. गुडघा बाईचा, आणि निवाडा करणार तो, ज्याने जन्मात खिंड चढली नाही! ऐशा शहाण्यांनीच दफ्तरे भरली आहेत, हे लिहिण्यास आम्हांस लाज नाही, त्यांस असावी.

बाई दरबारी गेल्या. मिस्त्रींनी सरकारांसमोर तुंबा उघडला आणि रॉकेलाचा भपकारा सुटला. सरकारांनी पुसिले, "हे कोणी ओतलं?"

"म्या ओतलं. देवाच्या कामी ओतलं," अंतोबा बोलिले. खोटे बोलिले नाहीत, इतके त्यांचे लिहावे लागते. "पण महाराज, वस्तू जड, महाग, पंक्चरला अर्धी घटका खाते. साधी सायकल बरी."

चिमाबाई म्हणाल्या, "सगळं खरं आहे, रावसाहेब. मग एकदा चढा की साधीवरून!"

दरबार हसला. सरकार हसले नाहीत. म्हणाले, "चढावे."

मिस्त्रींनी तुंबा धुवून नवे ग्रीस भरिले आणि चौथे दिवशी दोघे निघाले. अंतोबांनी धोतर खोचिले आणि थैली बांधली. दुसऱ्या वळणावर बाई पुढे गेल्या, तिसऱ्यावर अंतोबा उतरले आणि सायकल ढकलीत माथ्यावर आले. बाई दगडावर बसल्या होत्या. अंतोबांनी शेजारी बसून, दम खाऊन पुसिले, "चिमाबाई, हे रोज?"

"दोनदा, रावसाहेब."

मग अंतोबांनी कमरेचा शिक्का काढिला आणि तेथेच, मांडीवर कागद धरून, तुंबे कायम केले.

येणेप्रमाणे बाई चाकरीत राहिल्या. चाक जड ते जडच आहे, पंक्चरला वेळ लागतो तो लागतोच, आणि खिंड कोणी तसूभर उतरविली नाही. इति.