गजभियेकाकांचा मुद्दा

गजभियेकाकांकडे जेवायला गेलं की ताटाआधी प्रश्न यायचा, "तुम्ही कुठल्या बाजूचे?"

मला पहिल्यांदा वाटलं, लग्नबिग्न आहे, मुलाकडचे की मुलीकडचे विचारतायत. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी नोकरीवर येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. मी भीत भीत म्हटलं, "काका, मी पुण्याची."

"ते नाही गं पोरी. पिस्तूल! कपड्याखाली पिस्तूल बाळगायचा परवाना सगळ्यांना द्यावा की नाही?"

नव्वदच्या दशकात मिशिगनमध्ये हा वाद पेटलेला होता. परवाना हवा असला तर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बोर्डापुढे उभं राहून कारण सांगावं लागे, आणि बोर्ड बहुतेकांना वाटेला लावी. ही अट काढा, सरळमार्गी माणूस मागेल तर देऊन टाका, असं एक गट म्हणत होता. काका कडवे विरोधक. नागपुरात कॉलेजात वादविवादाच्या ढाली जिंकलेला माणूस. इथे गाड्यांचे ब्रेक तपासायची नोकरी, आणि शनिवारी दुपारी घरी जाहीर वाद. डावा सोफा बाजूनं बोलणाऱ्यांचा, उजवा विरोधात.

"माणसाला राग येतो दिवसातून तीनदा. जेवणाइतक्याच वेळा," काका म्हणत. "अशा प्राण्याच्या कमरेला पिस्तूल? मुद्दा नोंदवा!"

नोंदवायला खरोखर वही होती. ती माझ्याकडे आली.

पंचाईत एकच होती. आमच्या मराठी मंडळींपैकी कुणी दिवाळीतल्या टिकल्यांच्या पुढे गेलेलं नव्हतं. डावा सोफा रिकामा. काकांना त्यामुळे जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनी शेजारच्या वॉल्टरला आणलं.

वॉल्टर गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेला, दाराएवढा उंच म्हातारा. बोर्डानं त्याला तीनदा परत पाठवलं होतं, त्यामुळे त्याचं पिस्तूल घरच्या कपाटातच असायचं. तो बायकोनं, डोरोथीनं, केलेला ॲपल-पाय घेऊन यायचा, एकटा अख्खा डावा सोफा भरायचा आणि काकांना म्हणायचा, "पोलीस येईपर्यंत मी काय करू, सदाशिव? चोराला तुझी वही वाचून दाखवू?"

पहिल्याच दिवशी काकांनी त्याला सावजी रस्सा वाढला. दोन घासांत त्याचे कान लाल झाले. तीन ग्लास पाणी पिऊन तो म्हणाला, "आता कळलं. तुम्हा लोकांना पिस्तुलाची गरजच नाही."

पुढे गावच्या लायब्ररीत या विषयावर जाहीर सभा झाली. प्रत्येकाला तीन मिनिटं. काका सूट घालून उभे राहिले. आदरणीय अध्यक्ष, मान्यवर परीक्षक, सुज्ञ श्रोते आणि माझ्या प्रतिस्पर्धी मित्रांनो, असं सगळं इंग्रजीत साग्रसंगीत झालं, आणि मग डॉ. आंबेडकर आणि कायद्याचं राज्य यावर ते येताहेत तोच घंटा वाजली. काका खाली बसेनात. अध्यक्षबाई उठायच्या बेतात. तेवढ्यात मागून वॉल्टर उभा राहिला. पुढचा नंबर त्याचा होता.

"माझी तीन मिनिटं त्याला द्या," तो म्हणाला. "तो म्हणतो ते सगळं चूक आहे. पण अजून त्यानं ते म्हटलेलंच नाही!"

सभा हसली. काकांनी गंभीर चेहऱ्यानं ती तीन मिनिटंही वापरली.

पुढच्या हिवाळ्यात डोरोथी गेली. वॉल्टर शनिवारी यायचा थांबला. काका दोनदा जाऊन आले आणि गप्प गप्प परतले. तिसऱ्या शनिवारी त्यांनी मला फोन केला. "पोरी, माझ्यासोबत चल. एकट्याला धीर होत नाही."

वॉल्टरच्या किचनमध्ये भरदुपारी पडदे ओढलेले होते. सिंकमध्ये भांडी, टेबलावर न उघडलेली पत्रं. दाढी वाढलेली. काका त्याच्यासमोर बसले. वीस मिनिटांखाली न बोलणारा माणूस, पण शब्द फुटेना.

मग म्हणाले, "वॉल्टर, ज्या कपाटात पिस्तूल ठेवतोस, त्याची किल्ली दे मला. थोडे दिवस."

"पुन्हा वाद?"

"नाही. आज मुद्दा नाही." काका टेबलाकडे बघत होते. "कुसुम गेली तेव्हा मी अंथरुणातून उठत नव्हतो. फार वाईट विचार यायचे. माझ्या घरात तसं काही नव्हतं, म्हणून राहिलो."

मी काकांना दीड वर्ष ओळखत होते. काकूंचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

वॉल्टरनं समोरचं एक पत्र बाजूला सारलं. मग त्यानं विचारलं, "मग उठलास कसा?"

"एक दिवस बाहेर फावड्याचा आवाज आला. पडदा सारून बघितलं, तर तू माझ्या दारातला बर्फ काढत होतास. ओळख ना पाळख. मला लाज वाटली. म्हणून उठलो, तुझ्यासाठी कॉफी केली."

"भयंकर होती ती कॉफी," वॉल्टर म्हणाला.

तो उठून आत गेला. परत आला तेव्हा मुठीत किल्ली होती. ती त्यानं टेबलावर ठेवली. काकांनी उचलून शर्टाच्या खिशात टाकली आणि त्याच्या मोठ्या पंजावर हात ठेवला. इतका वेळ इंग्रजीत बोलत होते, ते विसरून मराठीत म्हणाले, "जेवलास का रे?"

वॉल्टरला मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्यानं नुसती मान हलवली, नाही म्हणून.