लिंबाजीबप्पांचा चारा

आमचे लिंबाजीबप्पा मोबाइलवरच्या जाहिरातींना उत्तर देतात. मनातल्या मनात नव्हे, चांगलं खणखणीत, रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ऐकू जाईल असं. केसांच्या तेलाची बाई दिसली की डोक्यावरची टोपी काढून टक्कल तिच्यापुढं धरतात. "लई उशिरा आलीस, बाई." कर्ज देणाऱ्याला हात जोडतात, "न्हाई बाबा, बिलकुल न्हाई." अन् फ्लॅट विकणाऱ्याला विचारतात, "मेंढरं बांधू देता का?"

वडीगोद्रीत हायवेला त्यांचं दुकान आहे. दावी, कासरे, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, दोन-चार घोंगड्या. त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान, मधे नुसता पत्रा. म्हणजे त्यांना आलेली प्रत्येक जाहिरात मलाही ऐकावी लागते. माझं नाव त्यांना चांगलं ठाऊक आहे, पण हाक मारणार ती "ओ झेरॉक्स!" अशीच.

या जाहिराती येतात एका फुकटच्या गेममधून. मेंढरं चारायची, लोकर विकायची, पुढचं कुरण उघडायचं, असा गेम. बप्पांचं उभं आयुष्य मेंढरांमागं गेलं. गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा कळप विकला आणि दुकान टाकलं. आता मोबाइलमधली मेंढरं राखतात, अन् राखतात तीही खऱ्यासारखी. दुपारी मोबाइल सावलीला ठेवतात, तो काही बॅटरी तापते म्हणून नव्हे.

पण फुकटच्या गेममधला चारा लवकर संपतो. मग थांबायचं, नाहीतर जाहिरात बघायची, नाहीतर ओळखीच्या कुणाकडं तरी चारा मागायचा. मी एकदा म्हणालो, "बप्पा, कोपऱ्यातली फुली दाबा की, जाहिरात मधेच बंद होते." तर माझ्यावरच उखडले.

"ज्याच्या रानात मेंढरं बसवली, त्याचं गाऱ्हाणं ऐकूनच उठावं लागतंय! अर्ध्यात उठला तर पुढच्या साली रानात पाय ठिऊ देत न्हाई."

मेंढरं रात्री शेतात बसवायची, शेताला खत मिळतं, मेंढक्याला धान्य. आणि संध्याकाळी शेतमालक बांधावर येऊन सुनेबद्दल, बैलाबद्दल जे काही बोलेल ते मान डोलवत ऐकायचं. हा बप्पांचा जुना रिवाज. जाहिरातवाल्यांनाही त्यांनी त्याच हिशोबात बसवून टाकलं होतं.

चारा मागायची पहिली वेळ आली तेव्हा तर कहरच झाला. कुणाकडं मागायचा, असं मोबाइलनं विचारलं. बप्पांनी 'सगळ्यांकडे' दाबलं. टंचाईत मेंढका सगळ्या शिवाराला हाक देतो, एकट्यादुकट्याला नाही, हे त्यांचं म्हणणं. झालं! 'लिंबाजीला चारा हवा आहे' हा निरोप मोबाइलमधल्या झाडून सगळ्या नंबरांवर. डॉक्टरला गेला, तलाठ्याला गेला, मला आला. अंतरवाली सराटीचं एक गिऱ्हाईक तर मोटारसायकलवर कडब्याच्या पेंढ्या बांधून हजर. "जनावरं कुठं हायेत, बप्पा?" बप्पांनी मोबाइल दाखवला. तो बिचारा एकदा मोबाइलकडं, एकदा पेंढ्यांकडं बघत राहिला. बप्पांनी त्याला चहा पाजला आणि कडबा चहावाल्याच्या म्हशीला घातला.

निरोपावर बोट दाबून मोबाइलमधला चारा मात्र एकट्यानंच धाडला. केदारखेड्याच्या सखारामनं, म्हणजे बप्पांच्या थोरल्या भावानं. कळपाची वाटणी झाली तेव्हा एका एडक्यावरून दोघांचं वाजलं आणि बोलणं जे बंद झालं ते झालंच. लग्नाकार्यात एक मंडपाच्या या टोकाला बसणार, दुसरा त्या टोकाला. त्या दिवशी बप्पांनी चष्मा पुसून नाव पुन्हा पुन्हा वाचलं. "थोरल्यानं धाडला," एवढंच म्हणाले आणि उगीच कासऱ्यांचा गुंता सोडवत बसले.

तिथून पुढं रोज सकाळी दुकान उघडलं की आधी अगरबत्ती, मग थोरल्याकडं चाऱ्याची मागणी. दुसऱ्या कुणाकडं बिलकुल नाही. ऊन वर यायच्या आत चारा यायचाच.

इकडं जाहिराती ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं. या गेमचं विकतचं, पुरं व्हर्जनही मिळतं. त्यात जाहिरात नाही, सगळी कुरणं उघडी, चारा कधीच संपत नाही. बप्पांना किती सांगितलं, पण उत्तर ठरलेलं: "पैसे टाकले की बोलणं खतम." आणि हे म्हणणारा माणूस दाव्याचे पैसे घेऊन झाल्यावरही गिऱ्हाइकाला तासभर सोडत नाही! शेवटी दिवाळीची भेट म्हणून मीच पैसे भरले, जुना गेम काढून पुरा टाकला. "घ्या बप्पा, करा मजा."

मजा काय, कप्पाळ! पत्र्यापलीकडं शुकशुकाट. डोकावून पाहिलं तर हिरवंगार कुरण, गुबगुबीत मेंढरं, आणि बप्पा मोबाइल उलटासुलटा करून काहीतरी शोधून राह्यले.

"ओ झेरॉक्स, चारा मागायचं कुठं दाबू?"

"मागायची गरजच नाही बप्पा, आता संपतच नाही."

"मंग थोरल्याला माझं काय कळंल?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. फोन लावून देऊ का, असं विचारलं. "इतक्या सालानं फोन करून काय बोलू? एडक्याचं?" बरं, जुना गेम परत टाकतो म्हणालो, तर मोबाइल देईनात. "राहू द्या. तुमचा खर्चा झालाय." भेट परत कशी करायची, या भिडेपायी माणूस नको तो गेम घेऊन बसला. मला फार वाईट वाटलं.

असे काही दिवस गेले. मग एका दुपारी एसटीतून एक उंच म्हातारा उतरला. खांद्यावर घोंगडी, नाक थेट बप्पांचं. केदारखेड्याहून निघून, जालन्याला गाडी बदलून आल्ता. दुकानासमोर येऊन थबकला.

"चारा मागितला न्हाईस," म्हणाला. "म्हणलं, बघून यावं."

बप्पा गुडघा धरून उठले. "बरा हाय मी."

"मंग मागितला का न्हाईस?"

"ह्या झेरॉक्सनं विकतचा बसवला."

थोरल्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी मुकाट्यानं पत्र्याआड गेलो.

पत्रा पातळ, पलीकडच्या कपबशाही ऐकू येत होत्या. चहा आला, पुन्हा आला. मग थोरल्याचा आवाज आला, "त्यो एडका तुझाच व्हता, लिंबा."

"मेला असंल आता."

"कवाच."

आणि दोघंही खोकल्यासारखं हसले.

भावाला एसटीत बसवून बप्पा तडक माझ्याकडं आले. "आता राग मानू नका. ह्यो काढा, फुकटचा टाका."

"अहो, आता बोलणं सुरू झालं ना? रोज फोन करा की!"

"फोनवर काय बोलायचं, झेरॉक्स? आमाला बोलायची सवय न्हाई राह्यली. चारा मागता येतोय."

टाकून दिला. जुना कळप गेलेला, सुरुवात पुन्हा एका मेंढीपासून. दुसऱ्या दिवशी सकाळी अगरबत्तीचा वास आला आणि पाठोपाठ केसांच्या तेलाची बाई किंचाळली. "आलीस का? बस," बप्पा म्हणाले. मी तोंडात आलेली शिवी गिळली आणि मशीनमध्ये कागद भरायला लागलो.

जरा वेळानं पत्र्यावर थाप पडली.

"ओ झेरॉक्स! धाडला बरं का!"