चालू राहिलेला फोन

नातू पहिल्यांदाच घरी येणार म्हटल्यावर आजीने त्याची भाषा शिकायला घेतली. पोर जन्मलं परदेशात, सून तिकडचीच आणि मुलगा दिवसभर कामावर. त्याच्या कानावर मराठी पडणार कुठून? दर रविवारी तो फोनच्या काचेत दिसायचा. तो हात हलवायचा, आजीही हलवायची, आणि दोघांचं बोलणं त्यापुढे कधी गेलंच नाही. जग जवळ आलं, असं आजोबा म्हणत. आजीचं म्हणणं होतं, आलं असेल, पण काचेपर्यंतच. मुलगा लहान असताना त्याच्या बडबडीने घर कसं भरलेलं असायचं, याची तिला फार आठवण यायची.

मग तिने मोबाइलवर धडे सुरू केले आणि आजोबांचे हाल सुरू झाले. तिकडच्या भाषेत मागितल्याशिवाय त्यांना चहा मिळेना. त्यांनी थोडे दिवस जीभ वळवून पाहिली आणि मग मुकाट्याने कोपऱ्यावरच्या हॉटेलात जायला लागले. दूधवाल्याचे तिने त्या भाषेत आभार मानले, तर शिव्या दिल्या समजून तो आठवडाभर मापात चोख राहिला. एवढं शिकली, पण एक खोड मात्र गेली नाही. बोलणं संपल्यावर फोन बंद करायचं ती विसरायची. फोन भिंतीला टेकवलेला तसाच राही आणि त्याच्यासमोर दोघांचा संसार चाले.

अखेर मंडळी आली. दारातच आजीने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "प्रवास कसा झाला बाळा?" ऐकून नातवाचा चेहरा खुलला. त्याने इतक्या भराभर उत्तर दिलं, की आजीच्या सगळ्या धड्यांची दाणादाण उडाली. धड्यातली माणसं बिचारी सावकाश बोलत. तिने नुसती मान डोलावली. त्याने काहीतरी विचारलं, तिने पुन्हा डोलावली. पोरगं हिरमुसून आईच्या मागे लपलं.

मुलगा हळूच म्हणाला, "आई, तुला माझा कंटाळा आला का, असं विचारत होता तो."

आजी स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. सगळी मेहनत पाण्यात गेली होती. चार दिवसांनी पोर परत जाणार, आणि आजीला आपला कंटाळा येतो एवढंच बरोबर नेणार.

जेवायला बसताना आजोबांनी हात पुसून ओला टॉवेल खुर्चीवर टाकला. नातवाने ते पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि स्वच्छ मराठीत विचारलं,

"अहो, टॉवेल वाळत घालायला काय मी येऊ?"

आजोबांचा घास हातातच राहिला. तोवर नातू आजीकडे वळला होता. "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" त्याला चष्मा नव्हताच.

मुलगा हसत सुटला. "तू फोन बंद करत नाहीस ना, म्हणून आम्हीही करत नाही. जेवताना चालूच असतो. घरात माणसं आहेत असं वाटतं."

आजीला घाम फुटला. त्या फोनसमोर आपण कुणाकुणाचा उद्धार केला, ते तिला एकेक आठवायला लागलं. तेवढ्यात नातवाने कौतुकाने आईकडे बोट दाखवलं, "हिच्या सूपला ना चव ना ढव." सुनेला एक अक्षर कळलं नाही. पण पोर मराठी बोलतंय म्हणून ती खूश झाली. तिच्या नवऱ्याने ताटात मान घातली.

पुढचे दिवस आजी आणि नातू मनसोक्त भांडले. टॉवेलवरून, चष्म्यावरून, उघड्या राहिलेल्या नळावरून. धडे कुठल्या कुठे गेले. घर पुन्हा पूर्वीसारखं वाजतं झालं.

निघायच्या सकाळी रडायचं नाही असं आजीने ठरवलं होतं, पण गाडी सुरू झाल्यावर तिचा बांध फुटलाच. नातू गाडीतून उतरून आला आणि आजोबांसारखे हात पाठीमागे बांधून तिच्यासमोर उभा राहिला. दर रविवारी फोन झाल्यावर ती डोळे पुसायची, तेव्हा आजोबा तिला जे म्हणायचे, ते फक्त त्या दोघांतच आहे अशी तिची समजूत होती.

"पुरे आता. येतील की ती परत," नातू म्हणाला. "चल, चहा टाक."

विमान चुकेल, विमान चुकेल, असं मुलगा गाडीतून सांगत राहिला, आणि आजी डोळे पुसत चहा टाकायला आत गेली.