सुदामभाऊंची पाठ आणि विहाराचा हॉल

सुदाम कांबळे यांनी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पळायला सुरुवात केली ती तब्येतीसाठी नव्हे, पोट कमी व्हावं म्हणून नव्हे, कुत्रं मागे लागलं म्हणूनही नव्हे. बायकांना हॉल द्यायचा नाही, एवढ्या एकाच कारणासाठी ते पळाले.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची, अंबरनाथची. वसाहतीतल्या बुद्धविहाराला लागून एक हॉल होता आणि सुदामभाऊ विहार कमिटीचे सेक्रेटरी होते. (अध्यक्ष शंकरराव होते, पण ते फक्त खुर्चीत असायचे. किल्ली सुदामभाऊंच्या खिशात असायची.) हॉलच्या मधोमध कॅरम बोर्ड होता. सुदामभाऊ कारखान्यात फिटर, त्यामुळे बोर्ड जरासुद्धा कलता कामा नये हा त्यांचा हट्ट. त्यांनी स्पिरिट लेव्हल लावून स्टँडचे चारही पाय सिमेंटने जमिनीत पक्के करून टाकले होते. रोज संध्याकाळी तिथे पुरुषमंडळी जमत आणि सुदामभाऊ राणी घेत.

फेब्रुवारीच्या मीटिंगला निवृत्त शिक्षिका सगुणाबाई उभ्या राहिल्या.

"सकाळी साडेपाच ते साडेसहा हॉल रिकामाच असतो. आम्हा बायकांना तिथे योगासनांचा वर्ग घ्यायचाय. किल्ली द्या."

"योगा?" सुदामभाऊ हसले. "झोपून हातपाय वर करायचे, याला व्यायाम म्हणतात? आमचा थोरला पाळण्यात असताना दिवसभर तेच करायचा."

"मग बसून सोंगट्या मारायच्या, त्याला व्यायाम म्हणतात का, सुदामभाऊ?"

मीटिंग खो खो हसली. त्यात सगळ्यांत मोठा आवाज सुंदराबाईंचा होता, म्हणजे खुद्द सुदामभाऊंच्या मंडळींचा. तो आवाज ऐकला आणि माणूस पेटला.

"व्यायाम म्हणजे पळणं!" ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "जयंतीला चाळिशीवरच्यांची शर्यत आहे. विहारापासून पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत. मी पुरी करून दाखवतो! केली तर पुन्हा हॉलचं नाव काढायचं नाही. नाही केली तर किल्ली तुमच्या हातात. लिहून घ्या प्रोसिडिंगमध्ये!"

प्रोसिडिंग लिहिण्याचं काम सेक्रेटरीचं असल्यामुळे ते त्यांनी स्वतःच लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला कॅनव्हासचे बूट घालून सुदामभाऊ जांभूळ गावच्या रस्त्याला लागले. सहा दिवस झकास गेले. सातव्या दिवशी कुणीतरी कमरेत पाना अडकवून आवळावा तशी कळ आली आणि ते घरी पोचले ते काटकोनात.

"काय झालं हो?" सुंदराबाईंनी विचारलं.

"काही नाही. चप्पल शोधतोय."

"समोरच तर आहे."

"ही नव्हे. दुसरी."

कारखान्याच्या दवाखान्यात जायची सोय नव्हती. सकाळी कंपाउंडरला कळलं की दुपारी वसाहतीला कळणार आणि संध्याकाळी किल्ली जाणार. म्हणून पहिली पाळी सुटल्यावर सुदामभाऊ कमरेचा पट्टा घ्यायला थेट उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात गेले. तिथे त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. टोपणदास नावाच्या म्हाताऱ्या सिंधी दुकानदाराने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. वरपर्यंत जायला त्याला फार वेळ लागला नाही.

"वडी साईं, इस उमर में दौड़ा क्या?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"बूट पे मिट्टी, मुँह पे रोना. बेल्ट बाद में. पहले इधर लेट."

"लेट म्हणजे?"

"लेट म्हणजे लेट! तीस साल मैं गठरी उठाया. रोज आसन करता है. इतना बेल्ट बेचा, खुद को एक नहीं लगाया."

कापडाच्या गठ्ठ्यांमागे सतरंजी पसरून टोपणदासने सुदामभाऊंना पालथं घातलं. हात छातीशी, श्वास आत, मान वर, साप उठतो तसं उठ, थांब, खाली ये. सुदामभाऊ कण्हले, सिंधी माणसाला मराठीत दोन शिव्या दिल्या, पण उठले. पुढे रोज पाळी सुटली की गठ्ठ्यांमागे. चौथ्या दिवशी ते ताठ उभे राहिले आणि दुकानाचं छत त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

"यालाच योगा म्हणतात काय?" त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

"मैं तो इसको धंदे का नुकसान बोलता है," टोपणदास म्हणाला आणि पट्टा परत खोक्यात ठेवला.

आता आली का पंचाईत! ज्याची भर मीटिंगमध्ये टर उडवली त्यानेच पाठ सरळ केली. पण सुदामभाऊ वाकतील तर शपथ. (पाठीने वाकणं निराळं.) ते रोज पाचला बूट घालून दणादणा पावलं वाजवत निघायचे. वळणापर्यंत पळायचे, कारण तिथपर्यंत सुंदराबाईंना दिसायचं. पुढे जांभूळच्या वॉटर वर्क्सच्या कुंपणाजवळ पोचले की टॉवेल पसरून गवतात पालथे. पाठ मोकळी झाली की मग पुन्हा थोडं पळायचं.

तिथला वॉचमन जनू जांभूळचाच.

"काय हारवलंय काय, दादा?" त्याने पहिल्या दिवशी विचारलं.

"नट," फिटर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जनूने विचारलं, "कालचा गावला नाय?"

"हा दुसरा."

चौथ्या दिवशी जनू स्वतःच बॅटरी घेऊन गवतात शोधायला वाकला. भला माणूस, आठवडाभर शोधत राहिला आणि शेवटी त्याचीच पाठ धरली. मग सुदामभाऊंना त्याला खरं सांगून शेजारी पालथं घालावं लागलं. कुणाला सांगणार नाही, असं वचन तेवढं घेतलं.

चौदा एप्रिलला सकाळी सातला शर्यत सुटली. निळ्या पताका, बँड, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सगळी वसाहत. सात स्पर्धक होते. टाकीपर्यंत सुदामभाऊ चौथे होते. वळसा घातला, विहार दिसायला लागला, फीत चाळीस पावलांवर आली आणि कमरेतला पाना पुन्हा आवळला.

ते जागच्या जागी थिजले. मागचे तिघे पुढे गेले. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "किल्ली काढा, सुदामभाऊ!"

सुदामभाऊंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. अब्रू जाणारच होती, फक्त कुठल्या दाराने एवढाच प्रश्न होता. ते भर रस्त्यात पालथे झाले, हात छातीशी घेतले आणि वसाहतीच्या साक्षीने साप उठतो तसे उठले. बँड थांबला. त्यांनी सावकाश दहा आकडे मोजले, तेही मोठ्याने. मग उभे राहिले, पॅन्ट झटकली आणि चाळीस पावलं पळून फीत ओलांडली. (फीत पहिल्याने आधीच तोडली होती. हे आपले तिच्या जागेवरून गेले.)

"भुजंगासन," सगुणाबाई शेजारणीला म्हणाल्या. "कोपरं जरा आत हवी होती."

सुदामभाऊंनी शंकररावांच्या हातातला माइक घेतला.

"शर्यत पुरी झाली! सातांत सातवा, पण पुरी! मी हरलेलो नाही, हॉल आमचाच आहे. आता आमचाच आहे म्हणून मी तो सकाळच्या वर्गासाठी राजीखुशीने देतो. कुणाच्या दबावाखाली नाही! किल्ली घ्या, सगुणाबाई."

"नको," सगुणाबाई म्हणाल्या.

"नको म्हणजे?"

"वर्ग चालू आहे आमचा. दोन महिने होत आले."

"कुठे?"

सगुणाबाईंनी सुंदराबाईंकडे पाहिलं. सुंदराबाईंनी पदर सावरला.

"आपल्याच घरात. तुम्ही पाचला पळायला जाता, साडेसहानंतर येता. खाट भिंतीला लावली की आठजणी सहज मावतात. हॉलमध्ये तुमचा सिमेंटचा कॅरम मधे येतो."

लोक हसले, आणि सुदामभाऊंना मनापासून वाईट वाटलं. राग नंतर आला. पाठीसाठी आपण रोज पहाटे दवात लोळत होतो, वॉचमनशी खोटं बोलत होतो, आणि औषध आपल्याच घरात, आपल्याच खाटेच्या जागेवर रोज तासभर हजर होतं. बायकोने एका शब्दाने सांगितलं नाही. (आपणही तिला सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं.)

"उद्यापासून पळणं बंद!" ते माइकवरच गरजले. "घर माझं, खाट माझी. मी झोपून राहणार. बघतो कोण उठवतं!"

दुसऱ्या दिवशी पहाटे सुंदराबाईंनी चहा दिला.

"उठा हो. बाया यायची वेळ झाली."

"नाही उठणार."

"पाठ दुखतेय का?"

"मुळीच नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

साडेपाचला सगुणाबाईंच्या मागे बायका आत आल्या. सुदामभाऊंनी चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि डोळे गच्च मिटले. बायका दोन मिनिटं खाटेभोवती घुटमळल्या. आपण जिंकलो, असं त्यांना वाटायला लागलं.

"चौघी चार कोपऱ्यांना," सगुणाबाईंचा शांत आवाज आला. "गुडघ्यात वाका, पाठ ताठ, श्वास आत... उचला."

खाट अधांतरी गेली, उंबरा ओलांडून बाहेर आली आणि ओट्यावर अलगद टेकली. आतून दार लागलं. थोड्या वेळाने पहिल्या पाळीची मंडळी डबे घेऊन रस्त्याने निघाली. त्यांनी ओळीने "जयभीम, सुदामभाऊ!" म्हटलं आणि सुदामभाऊंनी चादरीतून हात काढून प्रत्येकाला आडव्याआडव्याच जयभीम घातला.

त्यांचं वजन तेव्हा चौऱ्याऐंशी किलो होतं, खाट शिसवी होती, आणि चौघींपैकी एकीचीही पाठ धरली नाही.